पेशीची पाटी खरोखर कोरी झाली का?

जपानमधील कोबे शहरात २०१४ च्या सप्टेंबरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका महिलेच्या डोळ्यात पेशींचा एक पातळ पापुद्रा बसवण्यात आला. तो तिच्याच त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेला होता. वाढत्या वयात होणाऱ्या विकारामुळे तिच्या दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत चालला होता. नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्या पुढाकाराने झालेली ही शस्त्रक्रिया जगभर गाजली. ‘आयपीएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी माणसाच्या शरीरात बसवण्याची ती पहिलीच वेळ होती. वर्षभरानंतर तो पापुद्रा जागेवर शाबूत होता, गाठ झालेली नव्हती. नजर सुधारली नाही, पण आणखी बिघडलीही नाही.

दुसऱ्या रुग्णाचीही तयारी सुरू होती. त्याच्या त्वचेपासून आयपीएस पेशी बनवून झाल्या होत्या. पण २०१५ मध्ये ती शस्त्रक्रिया थांबवण्यात आली. त्या पेशींच्या डीएनएमध्ये सहा बदल सापडले होते आणि मूळ त्वचेच्या पेशींत ते दिसले नव्हते. या बदलांमुळे कर्करोग होईल असे कोणी सिद्ध केले नव्हते, पण होणार नाही अशी हमीही कोणी देऊ शकत नव्हते. त्याच सुमारास जपानमध्ये या क्षेत्रासाठी नवा कायदाही लागू झाला होता. डॉक्टरांनी पाऊल मागे घेतले.

या घटनेला दहा वर्षे उलटून गेली. त्या वेळी प्रश्न एका रुग्णाचा होता, आता तो अनेकांचा होऊ घातला आहे. एप्रिल २०२५ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या गटाने पार्किन्सन्सच्या सात रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. दात्याच्या आयपीएस पेशींपासून तयार केलेल्या पेशी या रुग्णांच्या मेंदूत सोडण्यात आल्या होत्या. दोन वर्षांच्या निरीक्षणात कोणालाही गाठ झाली नाही. परिणामकारकता तपासलेल्या सहांपैकी चार जणांच्या हालचालींत, औषधाचा प्रभाव नसतानाच्या मोजमापात, सुधारणा दिसली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमितोमो फार्मा या कंपनीने या उपचाराला मान्यता मिळावी म्हणून जपान सरकारकडे अर्ज केला. चीनमध्ये टाइप-१ मधुमेहाच्या एका तरुणीला तिच्याच पेशींपासून बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी देण्यात आल्या. ७५ दिवसांनंतर तिला बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागले नाही, असा अहवाल २०२४ मध्ये आला.

अशा बातम्या वाचताना आपले लक्ष साहजिकच रुग्ण बरा झाला का, याकडे असते. पण या उपचाराचे भवितव्य त्याच्याही आधीच्या एका टप्प्यावर ठरते. त्या पेशी कशा बनवल्या आणि त्या निर्दोष आहेत हे कसे तपासले, हा तो टप्पा.

चार जनुकांची किमया

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच संहिता असते. तरीही त्वचेची पेशी त्वचेचेच काम करते आणि यकृताची पेशी यकृताचे. प्रत्येक पेशीत काही जनुके चालू आणि बाकीची बंद असतात. गर्भावस्थेत एकदा ही विभागणी झाली की पेशी सहसा मागे फिरत नाही. पण मागे फिरणे अशक्य नाही, हे ब्रिटनच्या जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकावरील प्रयोगांतून दाखवले होते. त्यांनी बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घातले आणि त्यातून नवा जीव वाढला.

क्योटोचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये ते काम अंड्याशिवाय करून दाखवले. त्यांनी आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांपासून सुरुवात केली आणि एकेक वगळत चारांवर आणली. ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक ही ती चार जनुके. उंदराच्या सामान्य पेशीत ही चार घातली की ती हळूहळू आपली ओळख विसरते आणि गर्भातील आरंभीच्या पेशीसारखी होते. तिच्यापासून हृदयाची, मेंदूची, डोळ्याची, कोणतीही पेशी बनवता येते. २००७ मध्ये मानवी पेशींवरही हे साधले. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पेशीला असे मागे नेण्याच्या क्रियेला रिप्रोग्रॅमिंग म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर ही लिहिलेली पाटी पुसून कोरी करणे आहे.

पाटी पुसण्याचे दोन धोके शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. ज्या फडक्याने पुसतो त्याचा चिकटा पाटीवर राहू शकतो आणि जुन्या अक्षरांच्या पुसट रेघाही मागे उरतात. आयपीएस पेशींच्या गुणवत्तेची चर्चा गेली वीस वर्षे याच दोन गोष्टींभोवती फिरते आहे.

मुक्कामाला राहिलेले पाहुणे

यामानाका यांनी ती चार जनुके पेशीत पोहोचवण्यासाठी रेट्रोव्हायरस या जातीचे विषाणू वापरले. हे विषाणू आपला माल पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा शिवून टाकतात. कुठे शिवायचे यावर संशोधकांचे नियंत्रण नसते. तो तुकडा एखाद्या महत्त्वाच्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसू शकतो किंवा शेजारच्या झोपलेल्या जनुकाला जागे करू शकतो. शिवाय चारांपैकी सी-मिक हे जनुक कर्करोगाशी संबंधित म्हणून आधीपासूनच बदनाम आहे. काम झाल्यावर ते शांत होते, पण शांतच राहील याची खात्री नसते.

ही भीती काल्पनिक नव्हती. यामानाका यांच्याच गटाने २००७ मध्ये आयपीएस पेशींपासून उंदीर वाढवले. त्यांच्या पुढच्या पिढीतील सुमारे २० टक्के पिल्लांत गाठी झाल्या. बाहेरून घातलेले सी-मिक पुन्हा जागे झाल्याने त्या झाल्याचे दिसून आले. सी-मिक वगळून पेशी बनवता येतात हेही पुढे सिद्ध झाले, पण मग हाती लागणाऱ्या पेशींचे प्रमाण खूप घटते. मुळातही ते कमीच होते. मानवी पेशींवरील पहिल्या प्रयोगात ५० हजार पेशींमागे जेमतेम दहाएक वसाहती मिळत होत्या.

म्हणून २००८ नंतर जगभरातल्या प्रयोगशाळा एकाच प्रश्नामागे लागल्या. ही जनुके आपले काम करून निघून जातील आणि डीएनएला हातही लावणार नाहीत, असा मार्ग कोणता?

काम करून निघून जाणारे

आज असे चार मार्ग प्रामुख्याने चर्चेत आहेत.

पहिला मार्ग सेंदाई विषाणूचा. जपानमधील सेंदाई शहराचे नाव मिळालेला हा विषाणू उंदरांच्या श्वसनमार्गात रोग करतो, माणसाला त्रास देत नाही. त्याचे सर्व काम आरएनएवर चालते आणि पेशीच्या केंद्रकाबाहेरच चालते. त्यामुळे तो डीएनएमध्ये शिरत नाही. पेशींच्या विभाजनांबरोबर तो विरळ होत जातो. मात्र पूर्ण जाईपर्यंत पेशी अनेकदा वाढवाव्या लागतात आणि तो गेला की नाही हे तपासावे लागते.

दुसरा मार्ग एपिसोमल वर्तुळांचा. यात डीएनएची छोटी वर्तुळे विद्युतधक्क्याने पेशीत घालतात. ती गुणसूत्रांना न चिकटता काही काळ स्वतंत्र राहतात आणि पुढे गळून पडतात. ही पद्धत स्वस्त आहे आणि तिला विषाणू लागत नाही. पण तिची कार्यक्षमता कमी. ती वाढवण्यासाठी क्योटोच्या गटाने २०११ मध्ये सुधारित पद्धत आणली. तिच्यात पी-५३ हे जनुक तात्पुरते दाबले जाते. पी-५३ हा पेशीचा पहारेकरी आहे. डीएनए बिघडलेल्या पेशीला तो थांबवतो किंवा मरायला लावतो. पहारेकऱ्याला थोडा वेळ रजा दिली की अधिक पेशी पार होतात, पण त्या वेळात कोण आत शिरले हे नंतर पाहावेच लागते.

तिसरा मार्ग एमआरएनएचा. कोविडच्या लशीमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. जनुकाऐवजी त्याचा तात्पुरता निरोप पेशीला द्यायचा, ती त्यावरून प्रथिन बनवते आणि निरोप विरून जातो. बाहेरचा आरएनए दिसला की पेशी विषाणूचा हल्ला समजून बिथरते. आरएनएची अक्षरे किंचित बदलली तर ती बिथरत नाही, हे कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले होते. त्यासाठी त्यांना २०२३ चे नोबेल मिळाले. अमेरिकेत डेरिक रॉसी यांच्या गटाने २०१० मध्ये हीच युक्ती वापरून आयपीएस पेशी बनवल्या. पद्धत अतिशय स्वच्छ आहे, पण कष्टाची. निरोप लवकर विरत असल्याने तो दोन-अडीच आठवडे रोज नव्याने द्यावा लागतो. रक्ताच्या पेशींवर ती त्वचेच्या पेशींइतकी सहज चालत नाही.

चौथा मार्ग केवळ रसायनांचा. बीजिंगमधील डेंग होंगकुई यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदराच्या आणि २०२२ मध्ये माणसाच्या पेशी कोणतेही जनुक न घालता, फक्त लहान रेणूंच्या क्रमवार मात्रांनी मागे नेल्या. वर उल्लेख केलेल्या मधुमेही तरुणीच्या पेशी याच मार्गाने तयार झाल्या होत्या. मात्र तिचे यकृत प्रत्यारोपण आधीच झालेले असल्याने ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतच होती. त्यामुळे त्या एका उदाहरणावरून सर्व मधुमेहींबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

यांपैकी चांगली पद्धत कोणती? अमेरिकेतील एका मोठ्या गटाने २०१५ मध्ये पहिल्या तीन पद्धतींची शिस्तशीर तुलना केली. तिन्ही पद्धतींनी उत्तम दर्जाच्या पेशी मिळू शकतात, असे त्यांना दिसले. पण तपशिलात फरक होता. एमआरएनएने दर शंभर पेशींमागे सुमारे दोन आयपीएस वसाहती मिळाल्या. सेंदाईने हजारामागे एकही पुरती मिळाली नाही आणि एपिसोमलने जेमतेम दहा हजारांमागे एक. मात्र एमआरएनएचा प्रयोग अनेक नमुन्यांवर साफ फसला, तर उरलेल्या दोन पद्धती दहापैकी नऊ नमुन्यांवर यशस्वी झाल्या. गुणसूत्रांची संख्या बिघडलेले संच एमआरएनए पद्धतीत सर्वांत कमी, शंभरात दोन-तीन होते. सेंदाईत ते चार-पाच आणि एपिसोमलमध्ये अकरा-बारा होते.

म्हणजे पद्धतीने फरक पडतो. पण कोबेच्या दुसऱ्या रुग्णाचे कोडे त्याने सुटत नाही. कोबेत रेट्रोव्हायरस वापरलेला नव्हता, डीएनएमध्ये न शिरणारी एपिसोमल पद्धतच वापरली होती. मग ते सहा बदल आले कुठून?

खाण तशी माती

या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते ते मूळ पेशीत. कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या पुढाकाराने २०११ मध्ये आयपीएस पेशींच्या २२ संचांचा डीएनए वाचण्यात आला. हे संच पाच वेगवेगळ्या पद्धतींनी बनवलेले होते. सगळ्यांतच बदल सापडले. प्रथिने बनवणाऱ्या ज्या भागांची तपासणी झाली, तिथे सरासरी पाच बदल होते. त्यांतले निदान निम्मे तरी मूळ त्वचेच्या काही थोड्या पेशींत आधीपासूनच होते. त्वचेचा तुकडा घेतला की त्यात लाखो पेशी असतात आणि प्रत्येकीचा डीएनए किंचित वेगळा झालेला असतो. साध्या तपासणीत सर्वांची सरासरी दिसते, एखाद्या पेशीतला बदल त्यात बुडून जातो. आयपीएस संच मात्र त्यांतल्या एकाच पेशीपासून वाढतो. मग तिच्यातला बदल सगळ्या संततीत उतरतो आणि ‘नवा’ म्हणून आपल्या नजरेत भरतो.

२०१६ मध्ये आणखी एक तुलना प्रसिद्ध झाली. एकाच मूळ पेशींपासून रेट्रोव्हायरस, सेंदाई आणि एमआरएनए अशा तीन पद्धतींनी नऊ संच बनवले आणि त्यांचा संपूर्ण डीएनए वाचला. बदलांच्या संख्येत आणि प्रकारांत पद्धतींमुळे पडलेला फरक किरकोळ होता. बहुतेक बदल निरुपद्रवी होते.

मूळ पेशी कुठून घेतली याचा परिणाम किती मोठा असतो, हे २०२२ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले. दोन मोठ्या पेशी-संग्रहांतील जवळपास सातशे संचांची माहिती त्यात तपासली होती. त्वचेपासून बनवलेल्या सुमारे ७२ टक्के संचांत सूर्याच्या अतिनील किरणांनी केलेल्या इजेच्या खुणा होत्या. म्हणजे दात्याने आयुष्यभर सोसलेले ऊन त्या ‘नव्याकोऱ्या’ पेशींत नोंदलेले होते. रक्तापासून बनवलेल्या संचांत असे बदल कमी होते. पण त्यांच्यातल्या सुमारे २७ टक्के संचांत बीकॉर या एकाच जनुकात बिघाड आढळला. कोणताच कच्चा माल पूर्ण निर्मळ नाही, आणि एमआरएनएसारखी स्वच्छ पद्धत ज्या त्वचेवर चांगली चालते तिच्यातच ऊन मुरलेले असते.

डीएनएची अक्षरे शाबूत असली तरी पुसट रेघांचा प्रश्न उरतोच. कोणते जनुक चालू आणि कोणते बंद, याच्या रासायनिक खुणा डीएनएवर असतात. रिप्रोग्रॅमिंगने त्या पुसल्या जायला हव्यात. पण काही मागे राहतात, हे २०१० मध्ये उंदरांच्या पेशींवर दिसले. रक्तापासून बनवलेल्या आयपीएस पेशी रक्ताकडे अधिक सहज वळत होत्या. ही जुनी सवय मेंदूच्या किंवा स्वादुपिंडाच्या पेशी बनवताना आडवी येऊ शकते. ऑस्ट्रेलियातील रायन लिस्टर आणि होजे पोलो यांच्या गटांनी २०२३ मध्ये यावर एक उपाय मांडला. रिप्रोग्रॅमिंग चालू असताना पेशींना थोडा काळ गर्भाच्या आणखी आधीच्या अवस्थेत नेले, तर या रेघा बऱ्याच अंशी पुसल्या जातात, असे त्यांना दिसले.

डिशमधली शर्यत

दुसरे उत्तर पेशी बनवल्यानंतरच्या काळात मिळते. एका उपचारासाठी लाखो-कोट्यवधी पेशी लागतात. त्यासाठी त्या आठवडेच्या आठवडे प्रयोगशाळेतील डिशमध्ये वाढवाव्या लागतात. तिथे एक शर्यत सुरू असते. एखाद्या पेशीत असा बदल झाला की ती इतरांपेक्षा भराभर वाढते किंवा मरायला नकार देते, तर काही आठवड्यांत सगळी डिश तिच्याच वंशजांनी भरते.

जगातील ३८ प्रयोगशाळांतील १३६ मानवी मूलपेशी-संचांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतले बहुतेक गर्भापासून मिळवलेले होते, ११ आयपीएस होते. त्यांतील पाचात एकाहून अधिक संचांत विसाव्या गुणसूत्राचा एक ठरावीक छोटा तुकडा वाढलेला होता. पेशीला मरणापासून वाचवणारे एक जनुक त्याच तुकड्यात आहे. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाला गर्भापासून मिळवलेल्या १४० संचांपैकी पाचांत खुद्द पी-५३ या पहारेकऱ्याच्या जनुकातच बिघाड सापडला. डिशमध्ये जी पेशी धट्टीकट्टी आणि जोमदार दिसते, तीच शरीरात गेल्यावर धोकादायक ठरू शकते, ही इथली अडचण आहे. आणि या शर्यतीशी पेशी कोणत्या पद्धतीने बनवली याचा संबंध थोडाच आहे.

शितावरून भात?

शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपल्याकडे रीत आहे. भाताच्या बाबतीत ती चालते, कारण एखादे शीत कच्चे राहिले तरी बिघडत नाही. पेशींचे गणित उलटे आहे. लाखो पेशींतली थोडकी बिघडलेली असली तरी पुढे तीच त्रास देऊ शकतात.

गुणसूत्रांची नेहमीची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली साधारण वीस पेशी पाहून केली जाते. शंभरात पाचच पेशी बिघडलेल्या असतील, तर त्या नजरेतून सुटू शकतात. विसाव्या गुणसूत्रावरचा तो वाढीव तुकडा अनेकदा इतका लहान असतो की या तपासणीत दिसतच नाही. त्यासाठी वेगळी, नेमकी चाचणी लावावी लागते. याउलट संपूर्ण डीएनए वाचला तर इतके बदल समोर येतात की त्यांतले घातक कोणते आणि निरुपद्रवी कोणते, हे ठरवणेच कठीण होते. कोबेच्या डॉक्टरांपुढे नेमका हाच पेच होता. जितके बारकाईने पाहावे तितके काहीतरी सापडणारच. मग किती आणि कोणता बदल खपवून घ्यायचा, हे आधी ठरवून ठेवावे लागते.

या पेचामुळेच कोबेच्या गटाने पुढे दिशा बदलली. प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच पेशी बनवायच्या तर प्रत्येक वेळी सगळी तपासणी नव्याने करावी लागते. त्यात महिने जातात आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. त्यापेक्षा ऊतींचा प्रकार अनेकांशी जुळेल अशा निवडक निरोगी दात्यांच्या पेशी बनवायच्या, त्यांची एकदाच कसून तपासणी करायची आणि त्या पेढीत साठवून अनेकांना वापरायच्या, हा मार्ग क्योटोने धरला. २०१७ मध्ये कोबेतील पुढच्या रुग्णाला दात्याच्याच पेशी मिळाल्या. पार्किन्सन्सची चाचणीही दात्याच्या पेशींवरच झाली. त्यात डोपामाइन बनवू शकणाऱ्या पेशी रोपणाआधी वेगळ्या काढून घेतल्या होत्या, जेणेकरून अर्धवट राहिलेल्या मूलपेशी मेंदूत जाऊ नयेत.

पेढीची किंमतही आहे. परक्या पेशींसाठी रुग्णाला काही काळ प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. शिवाय पेढीतली एक चूक एका रुग्णापुरती राहत नाही. जानेवारी २०१७ मध्ये क्योटोच्या केंद्राने नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या आयपीएस पेशींचे वाटप थांबवल्याचे स्वतःहून जाहीर केले. त्या बनवताना भलतेच रसायन वापरले गेले असावे, अशी शंका आली होती. पद्धत उत्तम, संस्था नामांकित, तरीही एका शंकेमुळे साठा बाजूला ठेवावा लागला. ही बातमी अपयशाची म्हणून वाचली गेली. खरे तर गुणवत्ता राखणे म्हणजे काय, याचा तो चांगला धडा होता.

आपण काय विचारावे?

वीस वर्षांचा हिशेब मांडला तर चित्र असे दिसते. बाहेरची जनुके पेशीत कायमची राहण्याचा पहिला आणि उघड धोका नव्या पद्धतींनी जवळजवळ दूर केला आहे. उरलेले धोके मूळ पेशीतले, वाढवतानाचे आणि तपासणीतल्या फटींचे आहेत. ‘आमची पद्धत सर्वांत सुरक्षित’ असा दावा त्यामुळे अर्धवटच ठरतो. पेशी कुठून घेतली, किती काळ वाढवली, कोणत्या चाचण्यांतून गेली आणि रुग्णावर पुढे किती वर्षे लक्ष ठेवले, ही माहिती जोडल्याशिवाय पद्धतीच्या नावाला फारसा अर्थ नाही.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे. आयपीएस पेशींवरचे गंभीर काम भारतातही सुरू आहे. बंगळुरूच्या आयस्टेम या कंपनीने दृष्टिपटलाच्या ऱ्हासासाठी आयपीएसपासून बनवलेल्या पेशींची चाचणी रीतसर परवानगी घेऊन हाती घेतली आहे. त्याच वेळी ‘स्टेम सेल थेरपी’च्या जाहिराती गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळ्यांवर इलाज सांगत असतात. या जाहिरातींतल्या पेशी बहुधा आयपीएस नसतात. रुग्णाच्या अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या पेशीच थोडीफार प्रक्रिया करून परत टोचल्या जातात. पण परदेशातील यशस्वी चाचणीची बातमी आली की तिचा फायदा या जाहिरातींनाही मिळतो. नाव एकच असल्याने सामान्य माणसाला फरक कळत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही विकारांसाठी केले जाणारे रक्त-मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच मूलपेशींचा मान्य उपचार आहे. बाकी सर्व वापर परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे या तत्त्वांना मान्य नाही. ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये सांगितले आहे.

दुखणे जुनाट असले आणि नेहमीची औषधे थकली की आशेला बळी पडणे स्वाभाविक आहे. पार्किन्सन्सने हात थरथरणाऱ्या वडिलांसाठी किंवा न बोलणाऱ्या मुलासाठी घरची माणसे दागिनेही मोडतात. अशा वेळी होकार देण्याआधी काही प्रश्न जरूर विचारावेत. पेशी कोणाच्या आणि कुठून घेतलेल्या आहेत? त्या कशा बनवल्या, किती काळ वाढवल्या? त्यांच्या गुणसूत्रांची आणि डीएनएची तपासणी कोणी केली, अहवाल पाहता येईल का? ही चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत तिचा क्रमांक कोणता? ही नोंदणी इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. आणि गाठ झाली किंवा त्रास झाला तर जबाबदारी कोणाची?

कोबेच्या डॉक्टरांकडे जगाचे लक्ष होते, रुग्ण तयार होता, पेशीही तयार होत्या. तरीही यांतल्या एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेना म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया केली नाही. पैसे आगाऊ मागणाऱ्या दवाखान्याकडे या प्रश्नांची लेखी उत्तरे नसतील, तर रुग्णानेही तिथेच थांबावे.